व्रीही, नीवार आणि जर्मेनियम

पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायातील तिसऱ्या पादात जैमिनीने हाती घेतलेला एक प्रश्न वरवर पाहता केवळ यज्ञशाळेतील अडचणीचा वाटतो. विधीने सांगितलेले द्रव्य मिळाले नाही, किंवा मिळूनही कर्म चालू असताना नष्ट झाले, तर कर्म तिथेच सोडून द्यावे की दुसरे द्रव्य घेऊन पुरे करावे, आणि दुसरे घ्यायचे झाल्यास त्याला ती जागा कोणत्या आधारावर मिळते, असा तो प्रश्न आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या दर्शपूर्णमास इष्टीत पुरोडाश, म्हणजे पीठ मळून मातीच्या कपालांवर भाजलेला रोट, व्रीहींचा करावा असे विधान आहे. व्रीही म्हणजे शेतात पिकवलेले भात. ते नसल्यास नीवार, म्हणजे न पेरता उगवणारे देवभात, घेता येते असे मीमांसकांचे उत्तर आहे आणि अशा पर्यायी द्रव्याला त्यांनी ‘प्रतिनिधी’ ही संज्ञा दिली आहे. उत्तर एका ओळीत सांगता येते, परंतु त्यामागील विचार अनेक अधिकरणांत, म्हणजे एकेका प्रश्नाला वाहिलेल्या प्रकरणांत, पसरलेला आहे आणि त्याची सूक्ष्मता अशी की यज्ञसंस्थेशी काहीही संबंध नसलेल्या आधुनिक कारागिरीतही तो जसाच्या तसा उपयोगी पडतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टर वापरून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या ध्वनिवर्धकांची, म्हणजे ॲम्प्लिफायरांची, आज होणारी दुरुस्ती ही अशीच एक कारागिरी आहे. तिचे मूळ द्रव्य आता दुर्मिळ झाले आहे, त्या ट्रान्झिस्टरांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन केव्हाच थांबले आहे, आणि तरीही ते यंत्र पुन्हा बोलते करावे अशी निकड अनेकांना मनापासून वाटते.

या दुरुस्तीचा तात्त्विक विचार सहसा दुसऱ्याच वाटेने केला जातो. भाग बदलल्यावर वस्तू तीच राहते काय, असे विचारले जाते आणि ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील नागसेनाचा रथ पुढे आणला जातो. चाक, आस, जू यांपैकी एकही रथ नाही आणि रथ हे केवळ व्यवहाराचे नाव आहे, असे तो भिक्षू मिलिंद राजाला पटवून देतो. वैशेषिकांचे उत्तर याच्या अगदी उलट आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांत समवायाने राहणारी समग्र वस्तू, अवयवांहून वेगळी व खरी असते, परंतु म्हणूनच एक अवयव निघाला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा निर्माण होतो. दोन्ही मते स्वीकारता येण्याजोगी आहेत. मात्र हातात सोल्डरिंगची तापलेली गन धरून बसलेल्या माणसाला त्यांतले कोणतेच मत पुढचे पाऊल सांगत नाही, कारण एका मतानुसार जे टिकवायचे ते मुळात नव्हतेच आणि दुसऱ्या मतानुसार ते पहिला घटक काढताच गेलेले असते. मीमांसकाचा प्रश्न ‘हे काय आहे’ असा नसून ‘येथे काय करावे’ असा असतो, आणि दुरुस्तीचा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

मूळ द्रव्याचा स्वभाव समजल्यावाचून प्रतिनिधीचा विचार करता येत नाही, म्हणून तो आधी पाहणे आवश्यक आहे. मेंडेलेएव्हने १८७१ मध्ये आपल्या आवर्तसारणीतील सिलिकॉनच्या खालची जागा रिकामी ठेवून तेथे येणाऱ्या मूलद्रव्याचे गुणधर्म आधीच वर्तवले होते, आणि १८८६ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथे क्लेमेन्स विंक्लरने ते मूलद्रव्य एका चांदीयुक्त खनिजात शोधून काढले. तेच जर्मेनियम. सिलिकॉनशी त्याचे साधर्म्य इतके स्पष्ट होते की शोधाआधीच त्याचे वर्णन करता आले. हे साधर्म्य पुढे दुरुस्ती करणाऱ्यांना कसे फसवते ते यथावकाश येईल. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जो पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला तो जर्मेनियमचा होता. जर्मेनियम ९३८ अंश सेल्सिअसला वितळते तर सिलिकॉनला १४१४ अंश लागतात, त्यामुळे त्या काळी जर्मेनियम शुद्ध करणे व त्याचे स्फटिक वाढवणे तुलनेने सोपे होते. या पदार्थांना अर्धवाहक म्हणतात, कारण त्यांतील इलेक्ट्रॉन बद्ध अवस्थेतून मोकळे होऊन वीज वाहू शकतात, परंतु त्यासाठी त्यांना ठरावीक ऊर्जा मिळावी लागते. सिलिकॉनमध्ये ही ऊर्जा सुमारे १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर जर्मेनियममध्ये सुमारे ०.६७ इतकीच असते. या एका फरकातून जर्मेनियमचे बरेचसे गुण आणि दोष निघतात. त्याचा ट्रान्झिस्टर ०.२ व्होल्टच्या आसपासच्या दाबाला जागा होतो, सिलिकॉनला ०.६ लागतात. परंतु साध्या खोलीच्या उष्णतेनेही जर्मेनियममधील काही इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि ट्रान्झिस्टर ‘बंद’ असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो. या झिरपण्याला कारागीर ‘लीकेज’ म्हणतात, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की ते जवळपास दुप्पट होते.

ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात, जेथे स्पीकरला शक्ती पुरवली जाते, हे झिरपणे घातक ठरू शकते. प्रवाहाने ट्रान्झिस्टर तापतो, तापल्याने लीकेज वाढते, वाढलेल्या लीकेजमुळे प्रवाह आणखी वाढतो, आणि हे चक्र अडवले नाही तर ट्रान्झिस्टर स्वतःच्याच उष्णतेने मरतो. म्हणून त्या काळातील आरेखकांनी प्रत्येक सर्किटमध्ये या स्वभावाचा बंदोबस्त केलेला आढळतो. उष्णता वाढताच ज्याचा रोध कमी होतो असा थर्मिस्टर आऊटपुट ट्रान्झिस्टरांजवळ बसवून त्यांना मिळणारा स्थिर दाब, म्हणजे बायस, आपोआप उतरवला जाई. एमिटरच्या वाटेवर अर्धा-एक ओहमचे छोटे रोध घालून वाढत्या प्रवाहाला लगाम लावला जाई. आणि ट्रान्झिस्टरची धातूची टोपी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला घट्ट बांधून उष्णता बाहेर काढली जाई. नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात टोबी आणि डिन्सडेल यांनी प्रसिद्ध केलेला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर, किंवा १९६३ मध्ये बाजारात आलेला लीक कंपनीचा ‘स्टिरिओ ३०’, ही या विचारपद्धतीची परिपक्व उदाहरणे होत. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६२ पासून जर्मेनियमचे अर्धवाहक घटक बनवण्यास आरंभ केला, आणि तिचे एसी १२७ व एसी १२८ हे ट्रान्झिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग घेणाऱ्या एका संपूर्ण पिढीच्या परिचयाचे झाले. युरोपीय नामपद्धतीत पहिले अक्षर ‘ए’ असल्यास घटक जर्मेनियमचा आणि ‘बी’ असल्यास सिलिकॉनचा, हे त्या पिढीला तोंडपाठ होते.

आता मीमांसेकडे वळता येते. नीवार व्रीहींच्या जागी का चालतात, याचे जैमिनीच्या सूत्रांवरील शबरस्वामींच्या भाष्यातील विवेचन असे आहे की व्रीही हा शब्द ज्या जातीचा वाचक आहे ती जाती कर्मात प्रत्यक्ष उतरते ती दाण्यांच्या अवयवांतून, आणि त्या अवयवांपैकी बरेचसे नीवारांतही आढळतात. सर्व मिळत नसेल तर जेवढे मिळते तेवढे घ्यावे, अशी ही भूमिका आहे. म्हणजे नीवार घेतले जातात ते नीवार म्हणून नव्हे. त्यांच्यात जे व्रीहित्व शिल्लक आहे त्याच्यासाठी ते घेतले जातात. महाराष्ट्रातील घरगुती पूजेत वस्त्र किंवा अलंकार नसला तर अक्षता वाहून उपचार पुरा केला जातो, परंतु त्या रूढीत साधर्म्याचा आग्रह नाही, संकल्प पुरेसा मानला जातो. जैमिनीचा नियम याहून कितीतरी कठोर आहे: प्रतिनिधी जितका अधिक सदृश तितका तो ग्राह्य.

हा नियम ॲम्प्लिफायरला लावताच पहिली अडचण येते, ती सादृश्य कशात पाहायचे ही. निकामी झालेल्या एसी १२८ च्या जागी त्याच आकाराचा, तीन पायांचा, त्याच पीएनपी प्रकारचा सिलिकॉन ट्रान्झिस्टर बसवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि तो प्रवाह, दाब व शक्ती या तिन्ही मापांत मूळ ट्रान्झिस्टरहून सरसही असू शकतो. परंतु ज्या बायसवर जर्मेनियम जागे होते त्यावर सिलिकॉन झोपलेलेच राहते. परिणामी आवाजाची लहर एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये खंड पडतो आणि हळू आवाजात ऐकताना गाण्याला खरखरीत धार येते, ज्याला तंत्रज्ञ क्रॉसओव्हर विकृती म्हणतात. रोध बदलून बायस वाढवता येतो, पण मग जर्मेनियमच्या उतारासाठी जुळवलेला थर्मिस्टर चुकीच्या प्रमाणात काम करतो, आणि सिलिकॉनचा वेग खूप अधिक असल्याने काही सर्किटांत कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च कंप्रतेची आंदोलने सुरू होण्याचाही धोका असतो.

येथे मीमांसेची शेष आणि शेषी ही जोडी फार मोलाची आहे. जे दुसऱ्यासाठी असते ते शेष, आणि ज्याच्यासाठी असते ते शेषी. शेषाला स्वतःचे वेगळे प्रयोजन नसते. जुन्या ॲम्प्लिफायरमधील थर्मिस्टर, एमिटरचे रोध, बायसची विभागणी, एवढेच काय तर पेटीतील जाळीची जागासुद्धा, हे सर्व जर्मेनियमच्या लीकेजचे शेष आहेत. लीकेज नसते तर त्यांतले बहुतेक काही तसे नसते. म्हणून सिलिकॉन बसवल्यावर उरते ते असे यंत्र, ज्याची अर्धी अंगे आपल्या शेषीला पारखी झालेली आहेत. ते वाजते आणि कदाचित अधिक वर्षे वाजेल. तरीही ज्या अडचणीला उत्तर म्हणून ते रचले गेले ती अडचणच त्यातून निघून गेलेली असते, आणि रचना समजून घेऊ इच्छिणाऱ्या पुढच्या माणसाला तो थर्मिस्टर तेथे का आहे हे सर्किटकडे पाहून कळणार नाही. द्रव्याचा दोष हाही रचनेचा आधार असू शकतो, ही गोष्ट जर्मेनियमइतकी स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसत असेल. सादृश्य शोधायचे तर ते गुणांइतकेच दोषांतही शोधावे लागते, हा निष्कर्ष शबरस्वामींच्या अवयव-विवेचनाला धरूनच आहे, कारण लीकेजसुद्धा जर्मेनियमचा अवयवच आहे.

तथापि याच विचारातून मूळ द्रव्याची अंधभक्ती निघते असे मानणे चूक होईल, आणि जैमिनीने त्या बाजूचाही बंदोबस्त केला आहे. पशू बांधण्याचा यूप, म्हणजे खांब, खदिराचा असावा असे सांगितले आहे. पण मिळालेला खदिर इतका बारीक असेल की त्याला पशू बांधलाच जाणार नाही, तर खदिर सोडून कदर नावाच्या दुसऱ्या झाडाचे मजबूत लाकूड घ्यावे, असा निर्णय आहे. कारण द्रव्य हे प्रयोजनासाठी असते, प्रयोजन द्रव्यासाठी नसते. जुन्या ॲम्प्लिफायरमधील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, म्हणजे विद्युत्‌भार साठवणारे व आत द्रावणाने भिजलेला कागद असलेले नळकांडे, हा असाच बारीक खदिर आहे. पन्नास-साठ वर्षांत त्यातील द्रावण सुकते, त्याची साठवण घटते, आतला रोध वाढतो, आणि काही वेळा तो थेट वीज झिरपू देऊन पुढच्या ट्रान्झिस्टरचा बायस बिघडवतो. कधीही न वापरलेला, मूळ वेष्टनात राहिलेला त्याच बनावटीचा कंडेन्सर मिळवण्यासाठी संग्राहक मोठी किंमत मोजतात, पण तोही तितकाच म्हातारा असतो आणि नावापुरताच मूळ असतो. तेथे आजचा नवा कंडेन्सर बसवण्यात संकोच करण्याचे कारण नाही, आणि ज्या दुरुस्तीत चेहरा टिकवण्यासाठी सुकलेले कंडेन्सर आत ठेवले जातात तिच्यात त्या यंत्राचा आदर नसून अवहेलनाच असते.

प्रतिनिधीविषयीचे दोन उपनियम विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. पहिला असा की घेतलेला प्रतिनिधीही नष्ट झाला तर पुढचा प्रतिनिधी मूळ द्रव्याशी सादृश्य पाहून निवडावा, आधीच्या प्रतिनिधीशी नव्हे. या नियमाची खोली दुरुस्तीच्या संदर्भात लगेच कळते. जुना ॲम्प्लिफायर उघडल्यावर आत बहुधा पूर्वीच्या एखाद्या कारागिराने बसवलेले भाग सापडतात. त्याने त्या दिवशी दुकानात जे मिळाले ते लावलेले असते, सोबत एखादा रोध बदललेला असतो. नंतरचा माणूस त्या भागाचा क्रमांक वाचून त्याच्याशी जुळणारा आणतो, त्यानंतरचा त्याच्याशी जुळणारा, आणि प्रत्येक पायरी प्रामाणिक असूनही चार दुरुस्त्यांनंतर यंत्र मूळ आरेखनापासून फार दूर गेलेले असते. मूळ सर्किटचा नकाशा समोर ठेवून निवड करणे म्हणजे मधल्या सर्व प्रतिनिधींना ओलांडून श्रुत, म्हणजे विधीने सांगितलेल्या, द्रव्याकडे परत जाणे होय. दुसरा उपनियम याला जोडूनच येतो: प्रतिनिधी गोळा केल्यानंतर मूळ द्रव्य उपलब्ध झाले तर मूळच वापरावे. पर्यायाने काम भागले एवढ्यावरून त्याचा हक्क कायमचा होत नाही.

प्रतिनिधी कोठे चालत नाही, याची मीमांसेतील यादी अधिक अर्थपूर्ण आहे. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नाही, आणि यजमानालाही नाही. कारण असे की भाताच्या दाण्याचे काम दृष्ट आहे, त्याचे पीठ होते हे डोळ्यांना दिसते, म्हणून दुसरे कोणते धान्य ते काम करील हे ठरवता येते; देवता किंवा मंत्र यांचे कार्य अदृष्ट आहे, आणि जे दिसतच नाही ते दुसऱ्या कशाने साधेल हे माणसाने कशावरून सांगावे? जर्मेनियमच्या आवाजाविषयी जे बोलले जाते त्याची परीक्षा या कसोटीवर करता येते. अनेक रसिकांना तो आवाज उबदार, मऊ वाटतो, आणि त्यांच्यापैकी काहींची श्रद्धा अशी असते की ही ऊब कोणत्याही मापाच्या पलीकडची आहे. वस्तुतः तिची बरीचशी कारणे दृष्ट आहेत: जर्मेनियमचा चालू होण्याचा वळणदार उतार, त्याची मर्यादित वेगाची झेप, अनेक सर्किटांत असलेले ट्रान्सफॉर्मर, आणि त्यांमुळे उच्च स्वरांत येणारी घट. ही सर्व मोजता येतात. त्यामुळे आवाजाला अदृष्टाचे स्थान देऊन ट्रान्झिस्टरला देवतेसारखे अप्रतिनिधेय ठरवणे मीमांसकाला मान्य होणार नाही. या यंत्रात मंत्राच्या जागी काही असेल तर ते सर्किटचे आरेखन. पण येथे उपमा थांबते, आणि ती थांबते हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे: मीमांसकाचा वेद अपौरुषेय, म्हणजे कोणाही कर्त्याने न रचलेला आहे, तर सर्किट पौरुषेय आहे. त्याचा कर्ता चुकू शकतो आणि त्याची चूक दुरुस्त करण्यात पाप नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केलेल्या मीमांसाकोशाच्या सात खंडांत प्रतिनिधीविषयक न्याय शोधणाऱ्या मराठी अभ्यासकालाही हा भेद विसरून चालणार नाही.

यजमानाला प्रतिनिधी नाही, या नियमातून मात्र एक खरा प्रकाश पडतो, कारण तो दुरुस्ती कोणासाठी, हा प्रश्न उभा करतो. मीमांसा कर्माचे नित्य आणि काम्य असे भेद करते. नित्य म्हणजे न करता राहताच येत नाही असे. ते यथाशक्ति करायचे असते, एखादे अंग उणे राहिले तरी चालते, आणि प्रतिनिधीला खरा वाव तेथेच असतो. काम्य म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने स्वीकारलेले. ते सर्वांगांनी पूर्ण करता येत नसेल तर त्याला हातच घालू नये. ज्या घरात जुन्या संचावर रोज सकाळी आकाशवाणी ऐकली जाते तेथील दुरुस्ती नित्य आहे. तेथे जर्मेनियम न मिळाल्यास सिलिकॉन घेऊन, बायस बदलून, थर्मिस्टर काढून काम चालू ठेवणे धर्म्यच होय, आणि त्यावर शुद्धतेचा आक्षेप घेणारा माणूस ऐकणाऱ्याला त्याच्या संचापासून तोडतो. उलट ज्याला १९६३ मधील रचना जशी होती तशी पाहायची व ऐकायची आहे त्याचे कर्म काम्य आहे. त्याने जुळणारे जर्मेनियम, तपासलेले लीकेज आणि मूळ आरेखनातील मूल्ये हाती येईपर्यंत थांबावे. सिलिकॉन घालून तेच फळ मिळाले असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. दुरुस्तीविषयीचे कित्येक कडवट वाद एकाच्या नित्याला दुसऱ्याच्या काम्याचे नियम लावल्यामुळे उद्‌भवतात.

या दोहोंच्या सीमेवर एक प्रसंग उरतो, ज्यात प्रतिनिधीची गरजच पडत नाही. त्या काळच्या रेडिओसंचांत ध्वनिवर्धकाच्या आधीच्या टप्प्यांत एएफ ११४ ते एएफ ११७ या मालिकेतील जर्मेनियम ट्रान्झिस्टर असत. त्यांना चार पाय असतात. चौथा पाय धातूच्या टोपीला जोडलेला असून बाहेरच्या विद्युत्‌गोंधळापासून आडोसा देणे एवढेच त्याचे काम. या टोपीच्या आत काळाच्या ओघात कथिलाचे केसाहून बारीक तंतू वाढतात, ते आतल्या जोडण्यांना टेकतात आणि ट्रान्झिस्टर टोपीशी जुळून संच मुका होतो. अनेक कारागीर अशा वेळी ट्रान्झिस्टर बदलत नाहीत, तो चौथा पायच कापतात. आडोसा जातो, पण तंतूंना जमिनीकडे नेणारी वाट तुटते आणि जर्मेनियम पुन्हा आपले काम करू लागते. जैमिनीच्या त्याच पादात शेवटाकडे असा विचार आहे की व्रीही इतके थोडे उरले आहेत की त्यांतून मुख्य आहुती तेवढी होईल, परंतु नंतरच्या शेषकार्यांना, म्हणजे उरलेल्या भागाने करायच्या गौण कृत्यांना, पुरणार नाही. तेथे विपुल नीवार घेऊन सर्व अंगे यथासांग करावीत, की थोडे व्रीही घेऊन मुख्य आहुती द्यावी आणि गौण कृत्ये सोडावीत? निर्णय व्रीहींच्या बाजूने आहे. मुख्य कर्म मूळ द्रव्याने होत असेल तर गौणासाठी मूळ द्रव्य टाकू नये. ज्या कारागिराने चौथा पाय कापला त्याने मीमांसा वाचलेली असण्याची काहीच आवश्यकता नाही. त्याने आडोशापेक्षा जर्मेनियम राखले, आणि जैमिनीचा निर्णयही तोच आहे.